घागरींचा खेळ माझ्या पोटात आहे

कोपऱ्यातल्या टेबलाखाली जो पिवळट पडलेला डबा दिसतो ना, तो मी. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वीज नसलेल्या यंत्राला बोलता कसं येतं, असलं काही विचारू नका. माणसंसुद्धा घरी बसल्यावरच जास्त बोलू लागतात, हे मी पुष्कळ बघितलं आहे.

माझा जन्म लातूरच्या एका गल्लीतला. एका दुकानदाराने कुठून कुठून सुटे भाग जमवले, स्क्रू आवळले आणि मला उभं केलं. माझ्या घराण्याला नाव नाही. मोठ्या कंपनीचा शिक्का माझ्या छातीवर कधीच नव्हता, पण कामाला मी वाघ होतो. सुरुवातीला एका नेट कॅफेत बसलो. बारावीचा निकाल लागला की माझ्यासमोर ही गर्दी! पोरं बैठक क्रमांक सांगायची आणि मी पान उघडेपर्यंत त्यांच्या बापांचे जीव टांगणीला लागायचे. पास झालेला पोरगा माझ्यावरच पेढा ठेवायचा. दसऱ्याला मला झेंडूचा हार, हळदकुंकू, समोर नारळ. कुंकू जाळीतून आत जायचं आणि माझ्या पंख्याला खोकला लागायचा. पण मानाचा खोकला कुणाला नको असतो?

मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि कॅफेला कुलूप लागलं. मला मन्मथ सरांनी आपल्या क्लाससाठी नेलं. हे सर नांदेडला शिकून आलेले, आणि शिकवायचे काय, तर व्हिडिओ गेम बनवायला. अगदी पहिल्या पायरीपासून. रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे, की पडद्यावरचं चित्र हलू लागतं, उडी मारतं, मरतं, पुन्हा उठतं. ज्यांना हे नीट जमेल त्यांना सर पुढे नांदेडच्या मोठ्या वर्गात पाठवायचे. क्लासात नवे संगणक आले तसे ते भिंतीकडेला सावलीत बसले आणि मी खिडकीपाशी उन्हात. दसऱ्याचा हारही त्यांच्याच गळ्यात. मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

सिंधु नावाची पोरगी क्लासात उशिरा आली म्हणून तिच्या वाट्याला मी आलो. तिने तोंड वाकडं केलं नाही. ओढणीच्या टोकाने पडदा पुसला, कीबोर्ड उलटा करून त्यातला कचरा झटकला, आणि म्हणाली, "चल बाबा, तू बी नवा न्हाईस, मी बी न्हाई." त्या दिवसापासून मी तिचा झालो.

सिंधु चाकूरची. बाप व्यंकटी, म्हणजे तिचे आबा, गवंडीकाम करणारे. लेकीने डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी तिला लातूरला ठेवलं होतं. लातूरला पोरं कशासाठी येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. शिकवण्या झाल्या, परीक्षा झाली, पण तिचा नंबर लागला नाही. घरी अबोला. मग तिने हट्टाने हा क्लास धरला, आणि बापाने एवढंच सांगितलं, की उन्हाळ्यापर्यंत काय ते दाखव, नाहीतर गपगुमान घरी चल.

मन्मथ सरांचे दोन नियम कडक होते. एक म्हणजे, क्लासात पेनड्राइव्ह आणायचा नाही. पोरं बाहेरून व्हायरस आणतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ज्याचं काम त्याच्याच संगणकात राहायचं. दुसरा नियम पोरांना फार जड जायचा. आपला खेळ दुसरा कुणी खेळत असेल तर बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. 'इकडं दाबा', 'तिकडं जा' काही नाही. सर म्हणायचे, "खेळणाराला कळलं न्हाई तर चूक त्याची न्हाई, तुझी हाय. गप बस आन बघ."

सिंधुने आधी साधेच खेळ केले. टोपलीत आंबे झेलायचे, चेंडू भिंतीवर आपटायचा. आणि मग तो दुष्काळ आला.

मित्रांनो, त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेने आणावं लागलं. टाक्यांपाशी पोलीस उभे राहिले. खानावळी बंद झाल्या, हॉस्टेलं रिकामी होऊ लागली. बांधकामं थांबली, तसे सिंधुचे आबाही घरी बसले. अशात चौकात गप्पा कशाच्या, तर उदगीरचा नवा जिल्हा होणार की नाही याच्या! आमच्या क्लासात झाडलोट करणाऱ्या सुलतानबी खाला एकदा वैतागून म्हणाल्या, "जिल्हा कोनाचा बी होऊ द्या, नळ कदी येनार ते सांगा."

सिंधु हॉस्टेलच्या गल्लीत टँकरच्या रांगेत उभी राहायची. खरं तर रांगेत माणसं थोडीच असायची, घागरी जास्त. माणूस कामाला जाणार, त्याची घागर त्याचा नंबर धरून बसणार. रांग पुढे सरकली की जो हजर असेल त्याने आपल्याबरोबर गैरहजर माणसाची घागरही पायाने पुढे लोटायची. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण गल्लीत तसं चालायचं.

याचाच तिने खेळ केला. पडद्यावर घागरींची रांग, टोकाला टँकर. आपली घागर लाल. बाणाच्या बटणाने ती पुढे न्यायची. पण वाटेत कुणाची तरी घागर मागे राहते. ती तशीच सोडून आपण पुढे गेलो की रांग तुटते, भांडण लागतं आणि टँकरवाला पाइप गुंडाळून निघून जातो. मागे राहिलेली घागर लोटत गेलं, तरच आपला नंबर येतो. हे ती कुठेच लिहून सांगणार नव्हती. खेळणाऱ्याला आपलं आपण कळायला हवं होतं.

खेळ छान उतरला. पण माझी तब्येत उतरत चालली होती. खिडकीतून ऊन थेट अंगावर, पाणी नाही म्हणून कूलर बंद. पंखा घरघर करायचा, डिस्क आतून टकटक वाजायची आणि मी तापून मध्येच बंद पडायचो. सिंधु कपाळाला हात लावायची आणि थांबायची. तिचा खेळ माझ्याखेरीज कुठेच नव्हता, आणि ते तिच्यापेक्षा जास्त मला टोचत होतं. मी गेलो तर तो जाणार. मला भीती वाटायची.

शेवटी हॉस्टेलच्या मालकाने पोरींना खोल्या सोडायला सांगितल्या. आबांचा निरोप आला, न्यायला येतो. सरांनी सिंधुला सांगितलं, "त्यांना आधी इथं आण. एकदा खेळू दे त्यांना. मग काय ते ठरवू."

ती बॅग भरूनच क्लासात आली. मी सकाळपासून दोनदा बंद पडलो होतो. "खाला, याला लई ताप चढतोय. जरा लक्ष ठेवा, मी आबाला स्टँडवरून आणते," असं म्हणून ती गेली.

सुलतानबींनी लक्ष ठेवलं, आणि तिथेच घात झाला. त्यांनी मला हात लावून बघितलं, चुकचुकल्या, आणि आपल्या कळशीतलं पाणी घेऊन गोणपाट भिजवला. माठ गार राहावा म्हणून आपण गुंडाळतो ना, तसा तो ओला गोणपाट त्यांनी माझ्या अंगाभोवती लपेटला. वरून मायेने थोपटलंही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच! बाहेर माणसं थेंबाथेंबासाठी तडफडत होती आणि माझा जीव घ्यायला तेच पाणी जाळीतून आत ठिबकत होतं. ओरडणार तरी कसा?

सिंधु दारात आली. मागे आबा होते. तिने बघितलं आणि किंचाळली, "खाला!"

सरांनी धावत येऊन आधी प्लग उपटला, मग गोणपाट. सुलतानबी गोंधळून गेल्या. "काय झालं गं बेटी? तापलं होतं म्हनून गार केलं मी."

"पाण्यानं मरतंय ते, खाला!"

सुलतानबींचा चेहरा पांढरा पडला. "घरचं पानी होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पियाचं."

त्यावर कुणाला रागावता येईना. सिंधुने त्यांचा हात धरला आणि दोघी रडायला लागल्या.

सरांनी माझं झाकण उघडलं आणि मला गच्चीवर उन्हात नेऊन ठेवलं. ज्या उन्हाने मला वर्षभर छळलं, त्याच्यावर आता सगळी भिस्त होती. खाली आबा बाकावर बसून होते. खिडकीतून त्यांचं बोलणं वर ऐकू येत होतं.

"सामान घे, सिंधे. दुपारची गाडी धरू."

"आबा, एकदा खेळून बघा. एवढंच म्हणते मी."

"खेळायला ठेवलं व्हतं का तुला लातुरात? डाक्टरकीचं झालं न्हाई, ऱ्हायलं. मी कायी बोललो का? पर हे खेळन्याबिळन्याचं गावात सांगू कसं मी?"

"व्यंकटराव, जेवण होईस्तोवर थांबा," सर म्हणाले. आबा थांबले. सरांचा शब्द मोडवला नाही, एवढंच.

मी वाळलो. सरांनी फुंकर मारून, कापसाने पुसून मला पुन्हा जोडलं. सिंधुने डोळे मिटून बटण दाबलं. पंखा एकदा अडखळला, मग फिरला. डिस्कने टकटक केली आणि पडदा उजळला. नियम बाजूला ठेवून सरांनी पेनड्राइव्ह आणला, पण भिजलेली भोकं त्याला ओळखच देईनात. "आता दाखवून घे," ते सिंधुला म्हणाले. "किती वेळ चालंल सांगता येत न्हाई."

आबा माझ्यासमोर बसले. चुन्याने उललेली बोटं बटणावर ठेवायलाही ते बिचकत होते.

"काय करायचं यात?"

सिंधुने तोंड उघडलं. सरांनी मान हलवली. तिने ओढणीचा बोळा तोंडावर दाबला.

आबांनी बाण दाबला. लाल घागर सरकली. त्यांना गंमत वाटली असावी, कारण त्यांनी भराभर दाबायला सुरुवात केली. लाल घागर सगळ्यांना मागे टाकून पुढे गेली, रांग तुटली, पडद्यावर गलका झाला आणि टँकर निघून गेला.

"आरं, गेला की! मी तर म्होरंच व्हतो. असं कसं? बोल की गं!"

सिंधुने ओढणीचा बोळा आणखी घट्ट दाबला. मी तापत होतो. पंख्याचा आवाज बदलला होता आणि तो फक्त सिंधुला कळत होता. तिची नजर एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे. मी मनात म्हणत होतो, उठू नका हो, उठू नका.

आबा उठले नाहीत. "परत लाव," ते म्हणाले.

या वेळी ते सावकाश गेले. वाटेत एक चेपलेली लहान घागर मागे राहिली. त्यांचं बोट थांबलं. "ही कुन्या म्हातारीची ऱ्हायली मागं," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि मागे येऊन त्यांनी ती लोटली. रांग सरकली. मग दुसरी राहिली, तीही लोटली. आता ते वाकून बसले होते. सुलतानबी त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. "ती निळी, ती निळी बी!" त्यांच्या तोंडून निघालंच. त्यांना नियम कुठे माहीत?

माझा पंखा थांबला. आत आग पेटल्यागत झालं. मित्रांनो, मी त्या क्षणी जेवढा जोर लावला तेवढा आयुष्यात लावला नव्हता. निकालाच्या दिवशीसुद्धा नाही. लाल घागर टँकरपाशी आली. टँकरवाल्याने पाइप तिच्याकडे वळवला. आबा हसले. आणि माझ्या आत काहीतरी टक् झालं आणि सगळं काळं झालं.

सरांनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. मी उठलो नाही.

"गेलं," सिंधु म्हणाली. "सगळं गेलं, आबा."

आबांचं बोट अजून बाणावरच होतं. "माझा नंबर आला व्हता," ते म्हणाले. ते सिंधुकडे वळले. मग विचारलं, "परत बनीवता येतो का तुला?"

"हाव."

"समदा?"

"समदा डोक्यात हाय माझ्या."

"पर ऱ्हाशील कुठं? हॉस्टेल तर बंद."

"माझ्या घरी ऱ्हाईल," सुलतानबी लगेच म्हणाल्या. "पानी कमी हाय भाऊ, जागा हाय."

आबांनी सरांकडे बघितलं, सुलतानबींकडे बघितलं. मग दारातली भरलेली बॅग उचलून सिंधुच्या पायाशी आणून ठेवली. एस्टीत जागा धरायला टाकतात तसा खांद्यावरचा टॉवेल त्यांनी खुर्चीवर टाकला. "पयला नंबर माझा," ते म्हणाले, आणि एकटेच गाडी धरायला गेले.

सिंधुने तो खेळ सावलीतल्या नव्या संगणकावर पुन्हा बनवला. मला जरा हेवा वाटला, पण ठोकळे जोडताना ती पुटपुटायची ते ऐकत मी पडून राहिलो. या वेळी ती रोज त्याची दुसरी प्रत काढून ठेवायची, आणि सर स्वतः तिला पेनड्राइव्ह आणून द्यायचे. पहिला खेळ अजूनही माझ्या पोटात आहे. पण डिस्कच जळाली, त्यामुळे तो मला कुणाला काढून देता येत नाही.

मित्रांनो, यंत्रावर ऊन पडू देऊ नका, पाणी तर अजिबात नको, आणि मन लावून केलेल्या कामाची दुसरी प्रत ठेवा. हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगतो ते वेगळं आहे. तुमच्या घरात एखादं लेकरू काहीतरी बनवत असेल आणि तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नसेल, तरी एकदा त्याच्यासमोर बसा. खेळून बघा. आणि हरलात तर उठू नका, "परत लाव" म्हणा.