आतून गोड

गंजी मधोमध कापली, तर आतलं क्लोव्हरचं गवत काळंशार आणि चिकट निघालं. त्यावर पांढरी बुरशी, आणि वास मात्र गोड. मेलेल्या उंदरावर अत्तर शिंपडावं तसा. गुनहिल्डने नाकाला एप्रन लावला. तिच्या नवऱ्याने, सिवर्तने, मूठभर उचलून खुशाल हुंगलं.

"वरवर काळं झालंय. आतून गोड आहे."

दुसरं काय बोलणार तो? चर्चच्या सभेत छाती फुगवून त्यानेच अमेरिकेत डकोटाला येऊन वसलेल्या सगळ्या नॉर्वेकर शेजाऱ्यांना क्लोव्हर पेरायला लावलं होतं. आता त्याचीच गंजी नासली म्हटल्यावर नाक कापलं गेलं असतं. मग ती घाण घोड्यांपुढे पडू लागली, आणि बिचारी जनावरं वासाला भुलून चाटूनपुसून खाऊ लागली.

काही आठवड्यांनी घोडीचं नाक गव्हाणीला जरासं आपटलं, तर संध्याकाळपर्यंत रक्त ठिबकत होतं. मानेचा पट्टा घासला तिथे पावाएवढी गाठ आली. आणि अशात सिवर्तने शिंगरू खच्ची करायला शेजारच्या म्हाताऱ्या इंगेब्रिक्तला बोलावलं! आई मेलेलं ते शिंगरू गुनहिल्डने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं.

"घोडीचं रक्त थांबत नाही, दिसतंय ना तुला?" ती म्हणाली. "याला आधी दुसरं गवत घाल. मग काप हवं तर."

"नाकातल्या रक्ताचा न् गवताचा काय संबंध? उद्या म्हणशील, बटाटे खाऊन दात पडले!"

इंगेब्रिक्त हसला. त्याचा हात सफाईचा होता, काम चुटकीसरशी झालं. रक्त मात्र थांबेना. पीठ दाबलं, उकळलेल्या चिंध्या कोंबल्या, पण गुठळी म्हणून धरेना. पाण्यासारखं वाहतच राहिलं. शिंगराने गुनहिल्डच्या एप्रनमध्ये तोंड खुपसलं, गुडघे टेकले आणि तिथेच जीव सोडला.

सिवर्त हात धुऊन टेबलाशी बसला. "तुझा सुराच गंजका असणार, इंगेब्रिक्त," तो बटाटे वाढून घेत म्हणाला. म्हाताऱ्याने सुरा काढून उजेडात धरून पाहिला.

गुनहिल्डला नवऱ्याची किळस आली, त्या गंजीहून जास्त. ती बाहेर गेली, काळा लगदा हातात घेऊन आली आणि बटाट्यांवर थापला.

"खा. वरवर काळं आहे. आतून गोड आहे."

इंगेब्रिक्तने वाकून ताटात पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"माझंही गवत असंच निघालं होतं," तो म्हणाला. "तू चालतं म्हणालास, सिवर्त. म्हणून मी सगळ्या घोड्यांना घातलं. आणि सकाळीच घरची दोन शिंगरं खच्ची करून आलोय."

सुरा तिथेच टाकून तो घराकडे पळाला.