झिपरूभाऊंच्या डिस्कमधले बिननावाचे तुकडे

मित्रांनो, मला कोणी भंगार म्हटलेलं खपत नाही. जुनी म्हणा, चालेल. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, ऐंशी जीबीची. अमळनेरजवळच्या एका गावात, झिपरूभाऊंच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये माझं आयुष्य गेलं. माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला म्हणे, पण तिथलं मला काही आठवत नाही. माझ्या आठवणी सुरू होतात झिपरूभाऊंच्या पहिल्या फोटोपासून. तो एका म्हशीचा होता आणि तोही हललेला.

झिपरूभाऊ गावचे फोटोग्राफर. बारसं असो, साखरपुडा असो की शाळेचा फॉर्म, फोटो त्यांनीच काढायचा आणि तो माझ्यात ठेवायचा. गावात कोणी वारलं की दोन-चार दिवसांनी घरचं माणूस येई. मग भाऊ एखाद्या लग्नातल्या गर्दीतून त्या माणसाचा चेहरा शोधून काढत, मोठा करत आणि छापून देत. गावातल्या भिंतींवर हार घातलेले जे फोटो दिसतात, त्यातले निम्मे माझ्यातून गेले आहेत. याचा मला गर्व होता. अजूनही आहे.

पण माझ्यात एक खोट होती. वस्तू ठेवायची प्रत्येक डिस्कची एक पद्धत असते. माझी पद्धत जुनी होती, फॅट थर्टी-टू नावाची. तिच्यात काम चालू असताना वीज गेली की कुठला फोटो कुठे ठेवला याचा माझा मलाच पत्ता लागत नसे. आणि आमच्याकडे वीज कधी जाईल हे सांगायला ज्योतिषीही धजत नाही.

एका दुपारी अशीच वीज गेली. परत आली तेव्हा माझी आपोआप तपासणी झाली. जे तुकडे कुठल्या फोटोचे हे कळलं नाही, ते एका फोल्डरमध्ये नुसते आकडे घालून टाकले गेले. चारशेच्या वर तुकडे, नाव एकालाही नाही.

त्याच आठवड्यात नर्मदाबाई आल्या. त्यांचा मुलगा जीवन गेला त्याला वर्ष होत आलं होतं. घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि त्याचा एकच चांगला फोटो माझ्यात होता. "मना जीवनना फोटो काढी दे, भाऊ," त्या म्हणाल्या. भाऊंनी फोटो उघडला. कपाळ होतं, डोळे होते, त्याखाली सगळा करडा पट्टा. झिपरूभाऊंची मान खाली गेली. नर्मदाबाईंनी पडद्यावरच्या डोळ्यांकडे बोट केलं. म्हणाल्या, "त्याना डोया तरी शेतस ना. तोच दे." तो अर्धा फोटो त्या पदराखाली धरून घेऊन गेल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

झिपरूभाऊंची मुलगी सविता कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होती. संध्याकाळी घरी येऊन तिने हे ऐकलं आणि पदर खोचला. "आते एक बी फोटो जाऊ देत नही मी," ती म्हणाली. जळगावच्या एका दुकानदाराने तिला सल्ला दिला की डिस्क पुसून टाका, नव्या पद्धतीने पुन्हा सुरू करा. तिने मान्य केलं नाही. न पुसताही मला बदलता येतं, हे तिला माहीत होतं. नवी पद्धत, एनटीएफएस, आपण काय करतोय हे आधी टिपून ठेवते, म्हणून मध्येच वीज गेली तरी गडबडत नाही. अडचण एवढीच होती की हा बदल चालू असताना मात्र वीज जायला नको. शिवाय माझ्यात थोडी मोकळी जागा लागणार होती, आणि मी तर गळ्यापर्यंत भरले होते.

घरात एक छोटा पेन ड्राइव्ह होता. त्यावर भाऊंनी सगळ्यात आधी, वारलेल्या माणसांचे जमतील तेवढे फोटो उतरवले. तो तेवढ्यातच भरला. जागा करायची म्हणून सविता त्या बिननावाच्या तुकड्यांवर आली. "आबा, हाऊ कचरा शे. पुसू का?"

"नको," भाऊ म्हणाले. "कोनीतरी शे त्यामा." त्या तुकड्यांत कोणाचा तरी चेहरा आहे, हे ते जाणून होते.

मग त्यांनी एक दुसरं फोल्डर उघडलं. सविताच्या वाढदिवसांचे व्हिडिओ होते ते, पहिल्यापासून अठराव्यापर्यंत. सविता काही बोलायच्या आत ते म्हणाले, "जित्ता माणूसना फोटो सकाय बी काढता ई. गयेल माणूसना कथाईन काढशी?" आणि त्यांनी ते व्हिडिओ स्वतःच्या हाताने पुसले. गेलेल्या माणसाचा फोटो पुन्हा कुठून काढणार, हाच त्यांचा हिशेब होता.

विजेचा प्रश्न मंडपवाल्या झुलालभाऊंनी सोडवला. "जनरेटर मी लई येस. मना बापना फोटो बी त्यामाच शे," एवढंच ते म्हणाले. रविवारी सकाळी जनरेटर अंगणात धडधडू लागला. सविताने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत बदलाची आज्ञा लिहिली. बदल सुरू करण्याआधी कॉम्प्युटर डिस्कचं नाव विचारतो, खरं नाव सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. भाऊंनी माझं नाव ठेवलं होतं 'गाव'. सविताने ते लिहिलं.

पाऊण तासाने गावाची वीज गेली. शेजारचा पंखा थांबला, मी फिरत राहिले. तेवढ्यात झुलालभाऊंचा फोन वाजला. हळदीच्या मंडपात जनरेटरची वाट बघत होते. झुलालभाऊ फोनवर शांतपणे म्हणाले, "उशीर व्हई तं व्हवू द्या. आठे गाव अडकेल शे." मी जीव तोडून एकेक फोटो नव्या पद्धतीत लावत होते. एकही सोडायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. सव्वा तासाने पडद्यावर आलं, काम पूर्ण. झुलालभाऊ जनरेटर लादून हळदीला पळाले.

त्यानंतर पंधरा दिवस सविता रोज कामावरून आली की ते तुकडे एकेक करून अर्ध्या फोटोंना जोडून बघायची. बहुतेक जुळत नसत. तीनशे बारावा जुळला. करड्या पट्ट्याच्या जागी जीवनचं नाक आलं, विरळ मिशी आली, आणि पुढचा एक दात पडलेलं हसू आलं.

नर्मदाबाईंना बोलावलं. त्या पडद्याजवळ गेल्या. "हसी राह्यना," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून रडल्या. झिपरूभाऊंनी फोटो छापून दिला, तेव्हा नर्मदाबाईंनी आधीचा अर्धा फोटोही स्वतःजवळच ठेवला.

आता मी कपाटात असते. माझ्या पोटातलं सगळं सविताने दोन नव्या डिस्कांवर उतरवलं आहे, एक गावात आणि लग्नानंतर एक तिच्या सासरी धुळ्याला. वर्षातून एकदा ती मला जोडून फिरवते. मी फिरते, हट्टाने फिरते. पण मित्रांनो, माझ्यासारख्या एकटीवर विसंबून राहू नका, दुसरी प्रत आजच काढा. आणि जागा कमी पडली म्हणून एखादी बिननावाची फाइल पुसायला निघालात, तर आधी ती उघडून बघा. कोनीतरी शे त्यामा.