पाच इंचांची फुशारकी

मित्रांनो, माझ्या पुढच्या काचेला आडवा तडा आहे, डाव्या दाराला दोरी बांधली आहे आणि थंडीत मी तिसऱ्या झटक्याला चालू होते. त्यावरून माझं वय तुमच्या लक्षात आलंच असेल. मी तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्याची पिकअप गाडी. आज मी तुम्हाला माझ्या आयुष्यातली अशी गोष्ट सांगणार आहे, जी आठवली की मला स्वतःचीच शिसारी येते.

अकरा वर्षांपूर्वी खेमराजजींनी मला घरी आणलं. माझा हौदा तेव्हा निळा होता. खरीप आला की त्यात धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या भरायच्या, दिवाळीनंतर धानाची पोती, उन्हाळ्यात वांगी. पण मला सगळ्यात आवडायचं ते रोवणीच्या दिवसांतलं ओझं. खेमराजजींच्या पत्नी कौशल्याबाई आठ-दहा बायांना घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायच्या. त्यांचा हात असा चालायचा, की चिखलातली ओळ दोरी धरल्यासारखी सरळ यायची. शेजारच्या गावातले लोकसुद्धा आधी विचारायचे, कौशल्याबाई मोकळ्या आहेत का? माझ्या मागच्या फाळक्याला धरून, बंपरवर पाय ठेवून त्या एका दमात वर चढायच्या.

इतकी वर्षं ओझं वाहिल्यावर माझे पाटे बसले. मागच्या चाकांवर गाडीचा सगळा भार तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना पाटे म्हणतात. ते बसल्यामुळे मी मागून खाली आले आणि शेताकडच्या पांदीत, त्या खोल चाकोऱ्यांच्या वाटेत, माझं पोट घासू लागलं. एकदा तर सायलेन्सरच उपटून निघाला.

खेमराजजी मला तुमसरला तुलाराम मिस्त्रींकडे घेऊन गेले. तुलारामजी खाली सरपटत गेले, एकेका पाट्यावरून बोट फिरवलं आणि बाहेर येऊन म्हणाले की मधल्या पाट्याला चीर आहे. पाटे बदलायचे, एक जास्तीचा टाकायचा, बुश आणि शॉकअप नवे घालायचे, म्हणजे गाडी दीड-दोन इंच उठेल आणि तेवढं पुरे. कामाला तीन दिवस लागतील. खेमराजजींनी मान डोलावली, मला घरी आणलं आणि ते काम मुलावर सोपवलं.

त्यांचा मुलगा भूपेंद्र मला तुमसरला न नेता थेट हायवेवरच्या एका गॅरेजात घेऊन गेला. तिथल्या टेकचंदने त्याला मोबाइलवर उंच उंच गाड्या दाखवल्या. भूपेंद्रने चिरलेल्या पाट्याचं सांगितलं, तर तो हसला.

"जुने पाटे कायले फेकतं? खाली ठोकळे टाकून देतो, पाच इंच वर. संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन जा."

मित्रांनो, त्या दिवशी माझ्याशी जे केलं गेलं ते सांगतानाही मला किळस येते. त्यांनी एकावर एक दोन ठोकळे ठेवले आणि मला त्यावर उभं केलं. चिरलेल्या पाट्यावर काळा चकचकीत रंग फासला. किडलेल्या दाताला सोन्याचं टोपण घालावं तसा तो प्रकार होता. माझ्या मापाची नसलेली रुंद चाकं लावली. ती वळणावर माझ्याच अंगाला घासायची आणि जळक्या रबराचा वास यायचा. पुढे जांभळे दिवे लावले, बोनेटवर वाघाचं तोंड चिकटवलं.

गावात आल्यावर पानठेल्यावरची पोरं माझ्याभोवती जमली. फोटो काढले. अकरा वर्षं मी या गावाचं धान वाहिलं, तेव्हा कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नव्हतं. आणि आता, जेव्हा मी आतून सडकी आणि बाहेरून रंगवलेली होते, तेव्हा सगळे कौतुक करत होते. त्या कौतुकाचा मला वीट आला. खेमराजजींनी एकदाच विचारलं, की तुलारामकडेच केलं ना? भूपेंद्र हो म्हणाला.

कौशल्याबाईंचा पाय आता बंपरपर्यंत पोहोचत नव्हता. त्या घरून तेलाचा रिकामा डबा आणायच्या, तो पालथा घालून त्यावर चढायच्या आणि वरून दुसरी बाई त्यांना ओढून घ्यायची. भूपेंद्र हे रोज आरशात पाहायचा. त्या कधी काही बोलल्या नाहीत.

रोवणीचा चौथा दिवस होता. हौद्यात पऱ्ह्यांच्या ओल्या जुड्या आणि त्यांच्यावर कौशल्याबाईंसह पाच बाया बसल्या होत्या. कालव्याच्या पाळीवर वळण आलं. मी उंच होते, म्हणून वळताना सगळं ओझं एका बाजूला झुकलं. चिरलेला पाटा काडकन तुटला, ठोकळे निसटले आणि मी कालव्याकडे कलले. चार बायांनी फाळका धरून ठेवला. कौशल्याबाई खाली दगडावर पडल्या.

भूपेंद्र धावत आला. त्यांचं उजवं मनगट वाकडं झालं होतं. त्यांनी तो हात मांडीवर ठेवला, त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "यंदाची रोवणी गेली माही."

मला ट्रॅक्टरला बांधून तुमसरला ओढत नेलं. तुलारामजींनी तुटलेल्या पाट्याचे दोन्ही तुकडे भूपेंद्रच्या हातात दिले. नव्या रंगाखाली चिरेचा गंज स्पष्ट दिसत होता.

"गाडी उंच काहून कराची होती तुले?"

"पांदीत पोट घासत होतं, काका."

"मंग दोन इंचात भागत होतं. बाकीचे तीन इंच कोनासाठी होते?"

भूपेंद्रने ते तुकडे खाली ठेवले. तो तीन दिवस तिथेच राहिला. त्याने स्वतःच्या हातांनी ठोकळे काढले, बुश धुतले, नवे पाटे चढवायला मदत केली. शेवटी तुलारामजींनी विचारलं की तुझी आई पाय किती उचलू शकते. भूपेंद्रने आपल्या गुडघ्याखाली हात धरून दाखवला, पण नक्की किती ते त्याला माहीत नव्हतं. त्याने घरी फोन करून विचारलं. त्या मापाने माझ्या मागे लोखंडी पायरी जोडली गेली. घरी येऊन त्याने वडिलांना खोटं बोलल्याचंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दारात उभी राहिले. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून कौशल्याबाई बाहेर आल्या, पायरीकडे पाहिलं आणि पायीच शेताकडे निघाल्या. भूपेंद्र मला पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे मागे नेत राहिला. बांधीत ओळी वाकड्या येत होत्या. त्या दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या राहून डाव्या हाताने बायांना ओळ दाखवत होत्या. परत येताना मात्र थकल्या. पायरीवर पाय ठेवला आणि हौद्यात चढून बसल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी गाडी असेल तर तिला सजवा, उंच करा, माझी हरकत नाही. पण आधी तिच्याखाली वाकून पाहा. आणि जी माणसं रोज तिच्यात चढतात-उतरतात, त्यांना विचारा. ती आपणहून सांगणार नाहीत. ती गुपचूप डबा घेऊन येतील.