दोन सिलिंडर, एक कॉइल

फट्ट! कार्बुरेटरच्या तोंडातून वीतभर जाळ बाहेर आला आणि तपासनीस टुणकन मागे उडाला.

"बाई, ही मोटारसायकल आहे की शेगडी?" भुवया शाबूत आहेत का ते चाचपत तो म्हणाला. "आग ओकणारी गाडी मी चढावर सोडणार नाही. जेवणाची सुट्टी संपायच्या आत दुरुस्त करा, नाहीतर टेम्पोत घाला."

घरी बनवलेल्या इंजिनांची ही चढाची शर्यत वर्षातून एकदाच. थोरलीच्या तोंडात शिवी आली. तिने ती गिळली नाही, हळू आवाजात देऊन टाकली.

थोरली म्हणजे मिस्त्रींची थोरली सून. हे इंजिन सासऱ्या-सुनेने मिळून उभं केलं होतं, दोन भंगार गाड्यांचे सिलिंडर एकाच क्रँकवर चढवून. मिस्त्रींचं आयुष्य आडव्या इंजिनांत गेलेलं: एक सिलिंडर डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही पिस्टन एकाच वेळी टोकाला. या चौकटीत ते बसेना, म्हणून सिलिंडर व्हीसारखे फाकवून उभे केले, एक पुढे, एक मागे. कॉइल मात्र मिस्त्रींनी नेहमीचीच गुंडाळली. दोन तोंडांची, एका झटक्यात दोन्ही प्लगांना ठिणगी देणारी. या कॉइलसाठी लोक लांबून त्यांच्याकडे यायचे.

"पेट्रोल सोडणारा जेट मोठा पडतोय," मिस्त्री म्हणाले.

"मामा, तीन जेट बदलले."

"मग चौथा बदल."

बापे असेच. आपल्या हातची वस्तू सोडून साऱ्या जगात खोट काढत बसतील. थोरलीने वाद घातला नाही, उकिडवी बसली आणि दोन्ही कार्बुरेटरांच्या जाळ्या काढल्या. मागची स्वच्छ. पुढची काळी ठिक्कर.

फक्त पुढचीच का?

तिने दोन्ही प्लग काढले, भोकांत एकेक स्क्रूड्रायव्हर सोडला, गाडी गियरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवू लागली. मागचा स्क्रूड्रायव्हर वर वर आला. थांब. इथे ठिणगी. आणि या क्षणी पुढचा? पुढचा अर्ध्यावर, खाली निघालेला. तिने पुढच्या कार्बुरेटरच्या नळीतून बॅटरीचा झोत आत टाकला. व्हॉल्व्ह सताड उघडा!

"मामा! इकडे या! अहो, धावत या!"

"काय, साप निघाला?"

"तुमची कॉइल दोघांना एकदम पेटवते ना? आडव्या इंजिनात चालतं, दोन्ही पिस्टन बरोबर टोकाला येतात. एक कामाचा पेटतो, दुसऱ्यात नुसता जळका धूर, तिथली ठिणगी वाया गेली तरी कुणाचं बिघडत नाही. इथे मागचा पेटतो तेव्हा पुढचा ताजं पेट्रोल ओढतोय, दार उघडं टाकून! आपण तिथेच काडी लावतोय!"

मिस्त्रींनी चाक स्वतः फिरवून पाहिलं. पुन्हा फिरवलं. या कॉइलला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"गाढव आहे मी," मिस्त्री गरजले. "इंजिन वाकडं केलं आणि कॉइल सरळच ठेवली! उठ, तुझी स्कूटर उघड. मी माझी गाडी उघडतो."

दोघं पार्किंगकडे पळाले. दोन्ही गाड्या एका सिलिंडरच्या, म्हणजे एका तोंडाच्या दोन कॉइली. ठिणगीचा इशारा देणारे सेन्सर इंजिनावर दोन होतेच. मिस्त्रींनी दोन्हींच्या वायरी एकाच कॉइलवर आणल्या होत्या. त्या तोडल्या, वेगळ्या जोडल्या.

"सिलिंडरांच्या बेचक्यात ठेव, तिथे जागा आहे."

"तिथे वारा लागत नाही, मामा. कॉइल शिजून निघेल."

मागची सीटखाली गेली. पुढची टाकीच्या कडेला, वाऱ्यात, ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधली.

किक. काही नाही. किक. आणि इंजिन बोललं! धग-धग, धग-धग, लंगडं पण ठाम. तपासनीसाने या वेळी भुवया जपत, हात लांब करून तळवा कार्बुरेटरसमोर धरला. जाळ नाही. ठिणगीसुद्धा नाही.

"जा," तो म्हणाला.

थोरली सुटली. पहिलं वळण, दुसरं, रस्ता अंगावर येतोय, मूठ पूर्ण पिळलेली, आणि तिसऱ्या वळणावर पट्टी ढिली झाली. कॉइल लोंबायला लागली. थोरलीने ती गुडघ्याने टाकीला दाबून धरली. स्कूटरची जुनी वायर तडकलेली. दर ठिणगीला गुडघ्यात सण्ण! सण्ण! ती बोंबलत होती, हसत होती, मूठ मात्र सोडत नव्हती. माथ्यावरची रेघ ओलांडली तेव्हा पाय आपला की परक्याचा, तेही कळेना.

वेळ काही खास नव्हती. शेवटून तिसरी.

खाली लंगडत आली तर मिस्त्री धावत समोर. "कुठे बसला झटका?"

"गुडघ्याला! अख्खा चढ!"

"म्हणजे ठिणगी दणकट आहे," म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. त्याने सिलिंडरच्या डोक्यावर बोटांनी माप धरलं, चटका बसला तरी बोटं काढली नाहीत. "सूनबाई, एका तोंडाच्या दोन गुंडाळतो. एवढ्याशा. थेट प्लगच्या डोक्यावर बसतील अशा, मध्ये वायरच नको."

"डोक्यावर? तिथे तर भट्टी आहे!"

"मग भट्टीत टिकेल अशी करायची! तापलं तरी तडकणार नाही असं काहीतरी भरू आत."

"आणि मागची? तिला वारा नाही."

"मागची वेगळी करू. दोघी सारख्याच पाहिजेत असं कुणी सांगितलं?"

दोघं तिथेच, गाडी गरम असताना, एकमेकांवर ओरडत भांडायला बसले.