माझ्या पाठीवरचे कोरे गठ्ठे

मी पॅलेट बोलतोय. गोदामात मालाखाली जी लाकडी चौकट असते, तीच. माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही. बघतात ते पाठीवरच्या मालाकडे. एकदा मात्र सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

विस्कॉन्सिनच्या उत्तरेला ओकची दाट राई आहे. मी तिथलाच. करवतीखालून निघालो, खिळे खाल्ले आणि अर्लिस थॉर्सनबाईंच्या कारखान्यात आलो. कुणाला हजारांनी पत्रं पाठवायची असली की ती अर्लिसबाईंकडे यायची. पत्ते छापायचे, गावांप्रमाणे लावायचे, गठ्ठे बांधून टपालकेंद्रावर पोचवायचे, हा त्यांचा धंदा. वडिलांनी सुरू केलेला.

वडिलांच्या वेळचाच कामगार ऑर्विल नेस. गठ्ठे रचावेत ते ऑर्विलनं! विटांची भिंत बांधावी तसे एकात एक सांधे घालायचा. माझ्यावर माल चढवण्याआधी फळ्यांवरून हात फिरवायचा, कुसळ लागलं तर खरवडायचा. जनावराला गोंजारतात तसं. मला त्याची सवय लागली होती.

मग टपालखात्याचे नवे नियम आले. ढीग अमुक उंचीच्या वर नको. प्लॅस्टिक माझ्या पायांपर्यंत गुंडाळलेलं हवं. दोन बाजूंना चिठ्ठ्या हव्यात. एका विभागाचं टपाल दुसऱ्यात मिसळायचं नाही, आणि ठरलेल्या वजनाच्या खाली पॅलेट घेणारच नाहीत. मोठ्या कंपन्यांना काय, त्यांचे ढीग आपोआप भरतात. अर्लिसबाईंचं टपाल मात्र विखुरलेल्या वाड्यावस्त्यांचं.

त्यातच रुग्णालयाचं काम आलं. गावातला बाळंतपणाचा विभाग बंद करायचं घाटत होतं. बंद झाला तर बर्फातून दूर शहरात जायचं, कळा सोसत. चर्चच्या सभागृहात सभा ठरली होती, आणि लांबच्या शेतांवरच्या बायकांना त्याची पत्रं जायची होती.

"अर्लिस, या ढिगाचं वजन भरत नाही," ऑर्विल म्हणाला. "पोत्यांत भरावं लागेल."

"म्हणजे सगळं उपसून पुन्हा लावायचं? अहो, सभा होऊन जाईल तोवर!"

"होऊ दे उशीर. नियम आहे."

"तुम्हाला काय जातंय सांगायला! टाळं माझ्या दाराला लागेल. हे काम हातचं गेलं की पुढचं कोण देणार?"

ऑर्विल प्लॅस्टिकचं रीळ आणायला मागे गेला. तेवढ्यात बाईंनी कोऱ्या कागदांचे गठ्ठे उचलले, मधला थर काढून त्यात ठेवले आणि वर पुन्हा पत्रं रचली. माझ्या पाठीवर भार वाढला. मी कुरकुरलोसुद्धा नाही. लाकडाला तेवढं तरी जमायला हवं होतं.

ऑर्विल परतला. स्वतःच्या हातचे थर. कुणी हलवले तर त्याला कळणार नाही? त्यानं ढिगाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं प्लॅस्टिक गुंडाळायला लागला.

टपालकेंद्राच्या माल उतरवायच्या धक्क्यावर ग्वेन पॅरिश तपासणीला होती. वजन भरलं. पण तिची नजर मधल्या थरावर अडली. तिनं प्लॅस्टिक चिरलं आणि एक गठ्ठा ओढून काढला.

"यांच्यावर पत्ताच नाही! कोरे कागद कुठे पाठवायचे, स्वर्गात?"

धक्क्यावरची माणसं खो खो हसली. मग एकेक जण वाकून माझ्याकडे बघू लागला.

"कुणी ठेवले हे?" आता ग्वेन हसत नव्हती.

बाईंनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

"मी," ऑर्विल म्हणाला.

"तू? ऑर्विल, अरे, नव्या पोरांना मी तुझं काम दाखवते!"

"मीच ठेवले म्हटलं ना."

"मग पुन्हा या धक्क्यावर पाय ठेवू नकोस."

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. अर्लिसबाई गाडीच्या किल्लीकडे बघत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून ऑर्विल कामावर आला नाही.

पत्रं पोत्यांतून गेली, आणि व्हायचं तेच झालं: कित्येकांना सभेनंतर मिळाली. सभेत बोलणारा मागच्यांना दिसावा म्हणून बाईंनी आम्हा काही पॅलेटांवर फळकुटं टाकून व्यासपीठ करून दिलं होतं. मी पुढच्या कडेला. खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या होत्या.

"लांबच्या लोकांना फिकीरच दिसत नाही," रुग्णालयाचे अध्यक्ष म्हणाले. "मग निर्णय घ्यायला हरकत नसावी."

तेव्हा अर्लिसबाई वर चढल्या. त्यांचा भार माझ्या फळ्यांवर आला.

"त्यांना फिकीर आहे," त्या म्हणाल्या. "पत्रंच पोचली नाहीत. वजन भरावं म्हणून मी ढिगात कोरे कागद घातले. पकडले गेले, तेव्हा ऑर्विल नेसनं आळ अंगावर घेतला, आणि मी गप्प बसले."

मग दिवस भरत आलेली एक बाई पोटावर हात ठेवून उठली. "मग पुन्हा सभा घ्या की! माझी बहीण लांबच्या शेतावरच राहते. तिला कळू तरी द्या."

अध्यक्षांनी कुरकुरत दुसरी तारीख दिली. त्या सभेला उभं राहायला जागा नव्हती. विभाग अजून चालू आहे. ग्वेननं ऑर्विलला परत यायचा निरोप धाडला. तो म्हणाला, "आता हात थकले." थकले नव्हते.

त्या व्यासपीठाखाली माझी एक फळी चिरली. नव्या नियमात चिरलेलं पॅलेट चालत नाही. ऑर्विलनं मला आपल्या घरी नेलं. आता मी त्याच्या पडवीत भिंतीलगत आडवा असतो. माझ्यावर तो बटाटे सुकवतो.

इथून रस्ता दिसतो. संध्याकाळी अर्लिसबाईंची गाडी येते, फाटकापाशी हळू होते आणि निघून जाते. गावासमोर बोलल्या, पण त्याच्यासमोर अजून नाही. ऑर्विल बटाट्यांवरून मान वर करतो. "गेली," म्हणतो, जरा वेळ रस्त्याकडे बघतो.

बाई, मला तुमचं पाऊल ठाऊक आहे. तुमचा भार मी दोनदा वाहिलाय, आणि दोन्ही वेळा लाजेनं माझ्या फळ्या झुकल्यात. एकदा गाडी बंद करा. फाटकाला कडी नाही.