मोहाखालची राख

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे, पण माझ्यात कधी राघू बसला नाही. चिमूरच्या पलीकडे एका लहानशा कोर्टात माझ्या कठड्याला धरून आरोपी उभे राहतात.

मूळचा मी आलापल्लीच्या रानातला साग. तिथं मला एकच भय होतं, वणव्याचं. सुतारानं रंधा मारून मला चकचकीत केलं, तेव्हा वाटलं, सुटलो. पण इथं रोज नवं भय माझा कठडा धरतं. घामेजल्या हातांनी माझं पॉलिश केव्हाच खाल्लं.

मागच्या चैत्रात बायनाबाई आली. मोहफुलं वेचणारी म्हातारी. गावालगतचं रान जळलं, ते तिनंच पेटवलं असा आरोप होता. शेजारचा लहानूभाऊ दारातच तिच्या कानाशी लागला, "कबूल करून टाक बाई. मोठ्या लोकाइसंग वाद नाई करत. हात जोडले का सोडतेत."

"अन् जेलात टाकलं तं? माह्या बकऱ्या कोन राखन?"

माझ्यात येऊन तिनं गार हातांनी कठडा घट्ट धरला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"हो जी. लावली जी आग. आपल्या बांधावरच्या मोहाखाली."

ही आग मी ओळखत होतो. खाली गळलेलं फूल दिसावं म्हणून बाया झाडाखालचा पाला बुडाशी ओढतात, पेटवतात, आणि पळसाची हिरवी डहाळी हाती घेऊन विझेपर्यंत राखण करतात. पण लाकडाला साक्षीला कोण बोलावतं?

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "थांबा बाई. भीतीपोटी हो म्हणू नका. आरोप झाला म्हणजे गुन्हा झाला असं नाही. तो सिद्ध करायचं काम सरकारी वकिलांचं. तुम्ही गप्प राहिलात तरी चालतं. तुम्हाला वकील आम्ही देऊ, फुकट."

उर्वशी नावाची वकील मिळाली. तारखा पडत गेल्या. दर तारखेला तेच गार हात. शेवटी उर्वशीनं साक्षीला आलेल्या वनरक्षकाला विचारलं,

"बाईंना रान पेटवताना पाहिलंत?"

"नाही. मोहाखाली राख दिसली."

"आणि राखेभोवती?"

तो अडखळला. "वाळला पाला. जसाच्या तसा."

"म्हणजे ती आग तिथंच विझली होती!"

रान कोणी जाळलं, ते अजून कळलेलं नाही. बायनाबाई मात्र सुटली. "या आता घरी," न्यायाधीशबाई म्हणाल्या. तरी तिनं कठडा सोडला नाही.

"गावात पोट्टे मले आगलावी म्हनतेत जी. दारावर गोटे मारतेत. त्याइले कोन सांगन?"

उर्वशीनं तिला हाताला धरून बाहेर नेलं. तिच्या बोटांचे ओले ठसे माझ्यावर वाळत गेले.

मित्रांनो, माझ्यात जो उभा राहतो, तो अजून फक्त माणूस असतो, गुन्हेगार नव्हे. मला पाय नाहीत, तोंड नाही. तुम्हाला आहेत. तिच्या गावाला जाल, तेव्हा तेवढं सांगाल का?