आदगोंडा अण्णांचा सूर्यास्त

माधवनगरच्या आदगोंडा अण्णांना आपल्या हिशेबात कुणी चूक काढलेली खपत नसे. बायकोने, त्रिशलाबाईंनी, तर नाहीच नाही. यंदा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराजांसमोर त्यांनी वर्षभर सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नेम घेतला होता. असल्या खवय्याचा नेम कधीही मोडणार म्हणून सगळी भावकी टपून बसली होती. पण अण्णांनी भल्याभल्यांची तोंडं बंद केली आणि वर्ष पुरं व्हायला आठवडाच उरला.

दुबईला लेकीकडे, ब्राह्मीकडे, जाताना तर चैनच झाली. मुंबईपासून तीन तासांचा प्रवास, आणि सूर्य मावळायचं नावच घेईना. अण्णा विमानात जेवले आणि लेकीच्या घरी उजेडातच पुन्हा जेवले. "नेम पाळणाऱ्यानं विमानातनंच हिंडावं," असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

परतीचं विमान दुपारी तीनला सुटलं. ब्राह्मीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

"आत्ताच खाऊन घेऊया का?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"कशाला घाई? हितं दुबईत दिवस साडेपाचला मावळतोय. सव्वापाचला ढगात बसून निवांत खाऊ. अंतर तेवढंच, तास तेवढंच, सूर्य बी त्योच हाय!"

एवढं बोलून अण्णांनी ताणून दिली. सव्वापाचला उठून त्यांनी डबा उघडला आणि पहिला घास तोंडाशी नेला.

"आवं, भाईर बघा," खिडकीशी बसलेल्या त्रिशलाबाई म्हणाल्या.

बाहेर अंधार पडला होता.

"गेला कुठं?" अण्णा ओरडले. सूर्याने ठरवून दगा दिल्यासारखा त्यांना राग आला.

पलीकडच्या खुर्चीत वडूजचे निवृत्त सुभेदार नाथाजी बसले होते. मुलाला भेटून तेही परत चालले होते. ते म्हणाले, "विमान पूर्वेला पळतंय न्हवं? रातीच्या तोंडात आपणच शिरलोय. पर तुमचं घड्याळ काय सांगतंय?"

"सव्वापाच. दुबईचंच लावल्यालं हाय."

"मग घड्याळाचा हुकूम पाळायचा! खावा बिनघोर."

अण्णांना सुभेदार एकदम विद्वान वाटू लागले. "व्हय की! ब्राह्मीच्या गच्चीवर आजून ऊन आसंल. आन् नेम मी जमिनीवर घेतलाय, आभाळात न्हाई."

"खावा तुमी," त्रिशलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी काय कुणाला सांगत न्हाई."

ती भांडली असती तर अण्णांनी घास केव्हाच गिळला असता. आता तो हातातच राहिला. त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा पार सुकला होता. लग्नापासून तिने हाच नेम पाळला होता आणि कधी त्याचा गाजावाजा केला नव्हता.

"तू तरी मगाशी खाल्लंस न्हवं?"

"न्हाई."

"का गं?"

"तुमीच म्हणालासा की, निवांत खाऊ. तुमचा हिशेब कवा चुकतोय व्हय? म्हणून थांबले."

अण्णांनी घास डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.

"आवं, खावा की!" सुभेदार म्हणाले.

"गप बसा वो सुभेदार!"

पोटात कावळे कोकलत होतेच, पण भुकेचं नाव काढायला अण्णांना आता तोंड उरलं नव्हतं.